मोंढ्यातल्या दुकानाची वेबसाइट : शंका, खर्च आणि करायचं काय

वेबसाइट सगळ्यांनाच लागते असं नाही. चौकातलं चहाचं हॉटेल, गावातलं किराणा दुकान, पिठाची गिरणी यांचं गिऱ्हाईक चालत येतं. त्यांचं दुकान गुगलच्या नकाशावर दिसलं, फोन नंबर आणि वेळ बरोबर असली की भागतं. पण ज्यांचं गिऱ्हाईक बाहेरगावचं आहे, किंवा चार ठिकाणी चौकशी करून मगच फोन करतं, त्यांचं नुसत्या नकाशावर भागत नाही. पैठणचा पैठणी विणकर, उदगीरची डाळ मिल, जालन्यात ट्रॉली बनवणारं वर्कशॉप, तुळजापूर-नांदेडचं यात्रेकरूंवर चालणारं लॉज, लातूरचं मंगल कार्यालय, वसमतचा हळद व्यापारी, अशांसाठी हा लेख आहे.

आधी शंका मिटवू

"सगळं व्हॉट्सॲपवरच होतं, मग साइट कशाला?" व्हॉट्सॲपवर तोच येतो ज्याच्याकडे तुमचा नंबर आहे. हैदराबादचा मसालेवाला रात्री गुगलवर हळदीचे घाऊक व्यापारी शोधतो, तेव्हा त्याला तुमचं स्टेटस दिसत नाही. दुसरं म्हणजे, व्हॉट्सॲप, टिकटॉक, गुगल या सगळ्या जागा दुसऱ्याच्या आहेत. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि तिथं जमवलेले फॉलोअर्स एका रात्रीत गेले. गुगलनं बिझनेस प्रोफाइलसोबत (नकाशावर दुकान दिसतं ती नोंद) दिलेल्या मोफत वेबसाइटसुद्धा मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. कार्डावर, गाडीवर तोच पत्ता छापून बसलेल्यांना नवा पत्ता शोधावा लागला. स्वतःच्या नावाचा पत्ता असला तर एक होस्टिंग कंपनी (जिच्या कॉम्प्युटरवर साइट ठेवलेली असते ती) सोडून दुसरीकडे जाता येतं, पत्ता तोच राहतो.

"भाव लिहिले तर शेजारचा पाडून विकेल." शेजाऱ्याला तुमचा भाव आत्ताच माहीत आहे, मोंढ्यात कुणाचा भाव लपून राहिला आहे? तरी शंका अगदीच फोल नाही. डाळ, हळद, सोयाबीन यांचा भाव रोज हलतो. तो साइटवर लिहूच नका, कारण परवाचा भाव दाखवून गिऱ्हाईक भांडतं. त्याऐवजी किमान किती माल द्याल, पॅकिंग कसलं, भाडं कुणाकडे हे लिहा. मंगल कार्यालय, लॉज, ट्रॉली यांचं मात्र उलट आहे. तिथं "अमुकपासून सुरू" एवढा आकडा तरी द्यावा. आकडा नसेल तर दिवसभर नुसते "रेट काय?" विचारणारे फोन येतात आणि ज्याला खरंच बुकिंग करायचं आहे तो लाइन बिझी म्हणून दुसरीकडे जातो.

"जीएसटीवाले, आयकरवाले बघतील." साइटवर जे दिसतं ते तुमच्या दुकानाच्या बोर्डावर आधीच दिसतं. उलाढाल दिसते ती बँकेत, यूपीआयमध्ये आणि बिलात. अडचण येते ती खोट्या दाव्यांमुळे: प्रमाणपत्र नसताना "सेंद्रिय" लिहिणं, आयएसओचा शिक्का गुगलवरून उचलून लावणं, दुसऱ्याचा परवाना क्रमांक टाकणं. हे टाळलं की पुरे.

"लाईट गेली की साइट बंद पडेल का?" नाही. साइट तुमच्या दुकानात नसते, होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर असते. तुमच्याकडे दिवसभर लोडशेडिंग असलं तरी पुण्यातल्या माणसाला ती दिसते.

"मला कॉम्प्युटर येत नाही." साइट तुम्हाला बनवायची नाही. तुम्हाला दोनच गोष्टी करायच्या आहेत: मजकूर द्यायचा आणि किल्ल्या, म्हणजे लॉगिन-पासवर्ड, आपल्याकडे ठेवायच्या.

आणि शेवटची, सगळ्यात खरी शंका: "मागं एकदा केली होती, पैसे गेले, साइटही गेली." याचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं, ते दुसऱ्या पायरीत पाहू.

पायरी १ : वही घ्या

वेबसाइटवाल्याला फोन करण्याआधी पंधरा दिवस गल्ल्यावर एक वही ठेवा. नवीन गिऱ्हाईक पहिल्यांदा काय विचारतं ते त्याच्याच शब्दांत लिहून काढा. दुकान मोंढ्यात की बसस्टँडजवळ? रविवारी चालू असतं का? कमीत कमी किती घ्यावं लागेल? ट्रान्सपोर्टनं पाठवता का? नमुना मिळेल का? पंधरा दिवसांत तेच सात-आठ प्रश्न फिरून फिरून येतात. त्यांची उत्तरं हाच तुमच्या साइटचा मजकूर.

कित्येक साइटींची पहिली ओळ अशी असते: "आमच्या वेबसाइटवर आपले सहर्ष स्वागत. गुणवत्ता हेच आमचे ब्रीद." यातून हैदराबादच्या त्या मसालेवाल्याला काय कळणार? हळद व्यापाऱ्यानं असं लिहावं:

"वसमतची शेलम हळद. पॉलिश केलेलं हळकुंड ५० किलोच्या गोणीत, पावडर १ किलोपासून. अर्धा किलो नमुना पाठवतो. नमुन्याचे आणि कुरिअरचे पैसे आगाऊ. भाव रोज बदलतो, सकाळी ११ नंतर व्हॉट्सॲपवर विचारा. ट्रान्सपोर्टचं भाडं घेणाऱ्याकडे."

सहा-सात ओळींत निम्मे फोन वाचले, आणि जो फोन येईल तो घेणाऱ्याचाच असेल. याखाली अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक आणि जीएसटी क्रमांक टाकला की अनोळखी माणूस आगाऊ पैसे पाठवायला कमी बिचकतो.

पानं चार पुरेत: मुख्य पान, माल किंवा सेवा, आमच्याबद्दल, संपर्क. "ताज्या बातम्या" हे पान घेऊ नका. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या शुभेच्छा तिथं तशाच लटकत राहतात आणि दुकान बंद पडलं की काय असं वाटतं.

पायरी २ : पत्ता घ्या, आणि तो स्वतःच्या नावावर घ्या

डोमेन म्हणजे साइटचा पत्ता. डॉट इन किंवा डॉट कॉम घ्या. वर्षाला साधारण सातशे ते बाराशे रुपये पडतात. पहिल्या वर्षी ९९ रुपयांची ऑफर दिसली तर दुसऱ्या वर्षीचा नूतनीकरणाचा दर आधी वाचा, खरा भाव तो असतो.

नाव निवडताना एक चाचणी करा. ओळखीच्या तिघांना फोनवर नुसतं नाव सांगा आणि इंग्रजीत टाइप करायला लावा. तिघांनी एकच स्पेलिंग केलं तर नाव चांगलं. आपल्याकडे गावांच्या नावांत हा घोळ फार: वसमत कुणी "व्ही"नं लिहितं, कुणी "बी"नं, परळी, औंढा, अंबाजोगाई यांचंही तसंच. नावात दोनदा "ए" की एकदा, मध्ये आडवी रेघ की नाही, असे प्रश्न येणार असतील तर दुसरं नाव बघा. दुकानाचं नाव आणि धंदा जोडून केलेला पत्ता बहुधा मोकळा मिळतो. डॉट भारत या शेपटीचे देवनागरी पत्ते २०१४ पासून मिळतात, पण ते सगळीकडे नीट चालतीलच असं नाही. हवा तर जोडीला घ्या, मुख्य पत्ता इंग्रजी अक्षरांतलाच ठेवा.

आता फसवणुकीचं कारण. साइट करणारा म्हणतो, "डोमेनचं मी बघतो, तुम्ही फक्त पैसे द्या." तो स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर डोमेन घेतो. कागदोपत्री मालक तो झाला. दोन वर्षांनी तो नोकरीला पुण्याला जातो, नंबर बदलतो, नूतनीकरणाची आठवण त्याच्या ईमेलवर येत राहते आणि डोमेनची मुदत संपते. मुदत संपल्यावर काही आठवडे नेहमीच्या दरात परत घेता येतं, त्यानंतरच्या टप्प्यात दंडासारखी मोठी रक्कम लागते, आणि मग ते नाव कुणालाही खुलं होतं. ज्याच्या नावावर खातं नाही त्याला यातल्या कुठल्याच टप्प्यावर काही करता येत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. धंद्यासाठी एक जीमेल उघडा. त्याला तुमचा स्वतःचा मोबाइल जोडा, कामावरच्या मुलाचा नको. त्या जीमेलवरून डोमेन विकणाऱ्या कंपनीत खातं काढा. मालकाच्या रकान्यात तुमचं किंवा फर्मचं खरं नाव, पत्ता, नंबर टाका; ओळखपत्र मागितलं तर द्या. पैसे तुमच्या यूपीआयनं किंवा कार्डानं भरा, बिल फर्मच्या नावानं घ्या. शक्य असेल तर तीन वर्षांचं एकदम भरा. हे काम साइट करणाऱ्याला समोर बसवून करून घेतलं तरी चालेल, पण ओटीपी तुमच्याच फोनवर आला पाहिजे.

पायरी ३ : कुणाकडून करून घ्यायची, किती पैसे

चार-पाच पानांच्या साध्या साइटला जिल्ह्याच्या गावात साधारण दहा ते पंचवीस हजार रुपये सांगतात. होस्टिंगचे वर्षाला दोन ते पाच हजार वेगळे. करणारा जीएसटी नोंदणीतला असेल तर वर १८ टक्के. तुमची नोंदणी नियमित असेल तर त्याची वजावट मिळते, कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) असाल तर मिळत नाही. पावसाळ्यात फाटणाऱ्या फ्लेक्सवर आपण वर्षाला किती घालतो ते आठवून पाहा, म्हणजे हा आकडा अवाच्या सवा वाटणार नाही.

तीन हजारांत साइट करून देणारेही असतात. त्यात बहुतेकदा चोरीची थीम (साइटच्या रूपाचा तयार साचा) वापरलेली असते. वर्डप्रेस हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर मोफत आहे, पण त्यावरच्या विकत मिळणाऱ्या थीमच्या फुकट वाटलेल्या प्रतींत कोड लपवलेला असू शकतो. मग एक दिवस गिऱ्हाईक तुमची साइट उघडतं आणि जुगाराच्या पानावर जाऊन पडतं.

ठरवण्याआधी साइट करणाऱ्याला विचारा: तुम्ही केलेल्या, किमान दोन वर्षं चालू असलेल्या तीन साइट दाखवा. दाखवल्या की त्या मालकांना स्वतः फोन करा. वर्डप्रेसवर करणार की आणखी कशावर? उद्या दुसऱ्या कुणाला ती सांभाळता येईल ना? वर्षभरात किती बदल फुकट, नंतर प्रत्येक बदलाला किती? बॅकअप (साइटची जपून ठेवलेली प्रत) किती दिवसांनी, आणि कुठं ठेवणार? "गुगलवर पहिल्या नंबरला आणून देतो, गॅरंटी" असं जो म्हणेल त्याला नमस्कार करा. अशी गॅरंटी कुणालाच देता येत नाही, हे गुगल स्वतः सांगतं.

पैसे तीन हप्त्यांत द्या. ४० टक्के सुरुवातीला, ४० टक्के साइट तुमच्या पत्त्यावर दिसल्यावर, आणि उरलेले २० टक्के किल्ल्या हातात आल्यावर. किल्ल्या म्हणजे होस्टिंगचं लॉगिन, वर्डप्रेसचं मुख्य ॲडमिन लॉगिन, पूर्ण बॅकअपची फाइल आणि विकत घेतलेल्या थीमची पावती. कागदावर लिहून दिलेल्या पासवर्डवर विसंबू नका; त्याच्यासमोर तुमच्या फोनवरून लॉगिन करून बघा आणि पासवर्ड तिथंच बदला. या शेवटच्या २० टक्क्यांत सगळी गंमत आहे. पूर्ण पैसे आधी दिले की लॉगिन "उद्या पाठवतो"वर अडकतं.

पायरी ४ : मराठी मजकूर आणि फोटो

पॅम्फ्लेटचा मजकूर डीटीपीवाल्याकडून घेऊन साइटवर चिकटवला की अगम्य इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटतात. कारण छपाईसाठी श्रीलिपी, कृतिदेव असे जुने फॉन्ट वापरतात. त्यात पडद्यावर मराठी दिसत असली तरी आत साठवलेली अक्षरं इंग्रजीच असतात. वेबला युनिकोड लागतं, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणारी पद्धत. मोबाइलवर मराठी कीबोर्डनं किंवा बोलून टाइप केलेला मजकूर युनिकोडच असतो, तोच द्या. काही जण यावर उपाय म्हणून मजकुराचा फोटोच साइटवर लावतात. तसं करू देऊ नका: गुगलला तो नीट वाचता येत नाही, आणि फोटोतल्या फोन नंबरवर बोट ठेवून फोनही लागत नाही. फॉन्टसाठी मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी सुचवा, दोन्ही मोफत आहेत.

मुख्य मजकूर मराठीतच असावा. पण उदगीरहून बीदर हाकेवर आहे आणि धर्माबाद-देगलूरचा व्यवहार तेलंगणाशी चालतो. तिकडचं गिऱ्हाईक हवं असेल तर माल आणि संपर्क ही दोन पानं हिंदीत किंवा इंग्रजीतही करून घ्या.

फोटो मोबाइलवर काढलेले चालतात, फक्त उजेड बघा. पैठणीचा पदर भर उन्हात ठेवला तर जरतार चमकून पांढरी पडते. ट्यूबलाइटखाली काढला तर रंग वेगळा दिसतो आणि साडी परत येते. सकाळी ओसरीत, सावलीत, पदर सपाट पसरून काढा. एक फोटो पूर्ण पदराचा, एक काठाचा जवळून, एक मागच्या बाजूचा, कारण जाणकार उलट बाजूच बघायला मागतं. ट्रॉलीचा फोटो असेल तर शेजारी माणूस उभा करा आणि खाली लांबी-रुंदी लिहा.

मोबाइलचा एक फोटो तीन-पाच एमबीचा असतो. असे पाच फोटो सरकत्या बॅनरवर लावले की खेड्यात नेटवर्कच्या एका दांडीवर पान उघडतच नाही, माणूस मागं फिरतो. रुंदी १२०० पिक्सेल आणि वजन २०० केबीच्या आत आणायला सांगा. सरकतं बॅनर तर मुळीच नको, तिथं एक चांगला फोटो बास.

पायरी ५ : जुन्या मोबाइलवर तपासणी

साइट करणारा त्याच्या मोठ्या स्क्रीनवर दाखवील. तुम्ही घरातला सगळ्यात जुना, स्वस्त मोबाइल घ्या, वायफाय बंद करा आणि दुकानाबाहेर उभं राहून उघडा. पान चार-पाच सेकंदांत दिसायला हवं. पत्त्याची सुरुवात एचटीटीपीएसनं (https) व्हायला हवी. ती नसेल तर क्रोम "सुरक्षित नाही" असं दाखवतं, हे २०१८ पासून आहे. यासाठी लागणारं एसएसएल प्रमाणपत्र (साइटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं) लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून मोफत मिळतं, त्याचे वेगळे तीन-चार हजार कुणी मागितले तर कशाचे ते विचारा.

मग फोनच्या बटणावर बोट ठेवा, थेट डायल झालं पाहिजे. व्हॉट्सॲपचं बटण दाबा. इथं नेहमी एक चूक होते: दुव्यात ९१ आणि पुढं दहा आकडे इंग्रजीत हवेत, आधी अधिकचं चिन्ह किंवा शून्य नको. पानावर नंबर मराठी आकड्यांत लिहिला तरी आतला दुवा इंग्रजी आकड्यांचाच असतो. चौकशीचा फॉर्म असेल तर स्वतः भरून पाठवा आणि ईमेल खरंच येतो का बघा. फॉर्म भरला जातो, "धन्यवाद" दिसतं, पण ईमेल कुठंच पोचत नाही, हा प्रकार सर्रास घडतो. खरं सांगायचं तर आपल्याकडच्या धंद्याला फॉर्मची गरजच नसते. फोन आणि व्हॉट्सॲप ही दोन बटणं ठळक ठेवा.

पायरी ६ : गुगलला कळवा

साइट झाली म्हणजे गुगलवर दिसली असं होत नाही. सर्च कन्सोल या मोफत सेवेत साइट नोंदवून साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी) द्यावा लागतो. त्यानंतर दिसायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. हे काम कराराच्या यादीत लिहून घ्या, नाहीतर राहून जातं.

सोबत गुगल बिझनेस प्रोफाइल करा, तेही मोफत आहे. पडताळणीसाठी हल्ली बऱ्याचदा व्हिडिओ मागतात. न थांबता एकाच दमात काढा: आधी रस्ता आणि शेजारची दुकानं, मग तुमचा बोर्ड, मग शटर उघडताना, शेवटी आत गल्ला किंवा बिलबुक. प्रोफाइलचं नाव बोर्डावर आहे तेच ठेवा. "स्वस्त होलसेल बेस्ट हळद" असं नावाला शेपूट जोडलं तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं.

पत्त्यात एक काळजी घ्या. शहरांची नावं २०२३ मध्ये अधिकृतपणे बदलली असली तरी बाहेरचे लोक अजून जुन्या नावानंही शोधतात. संपर्क पानावर "छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद)", "धाराशिव (उस्मानाबाद)" असं दोन्ही लिहा. पिन कोड विसरू नका.

पायरी ७ : ऑनलाइन विक्री, पण लगेच नको

पहिले सहा महिने साइटवर चौकशी येऊ द्या, पैसे यूपीआयवर घ्या. कोणता माल, कोणत्या गावाला जातो हे कळल्यावरच खरेदीचं बटण लावा. त्याआधी तीन गोष्टी बघून घ्या. पेमेंट गेटवेवाले (साइटवर ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपन्या) साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी घेतात, आणि साइटवर परतावा, गोपनीयता, अटी ही पानं असल्याशिवाय खातं चालू करत नाहीत. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे फर्मचं नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव-संपर्क साइटवर द्यावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं. छोट्या फर्ममध्ये तो अधिकारी म्हणजे तुम्हीच. तिसरी गोष्ट सीमेवरच्या गावांना जास्त लागू आहे: करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते (हस्तकलेच्या काही वस्तूंना सूट आहे), आणि कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकताच येत नाही. बटण सगळ्या देशासाठी खुलं ठेवण्याआधी सीएला विचारा.

नंतरची देखभाल

महिन्यातून एकदा साइट स्वतः उघडा, वेळा आणि नंबर तपासा. वर्डप्रेस आणि त्याचे प्लगिन (त्याला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्या. साइट हॅक होते ती बहुधा अपडेट न केलेल्या प्लगिनमधून. तीन महिन्यांतून एकदा बॅकअपची फाइल पेनड्राइव्हवर घ्या. हंगामाप्रमाणे पहिली ओळ बदला: लगीनसराईआधी मोकळ्या तारखा, नवी हळद आली की तसं, सीताफळ किंवा केसर आंबा विकत असाल तर बुकिंग कधी सुरू ते.

साइटचा क्यूआर कोड बिलबुकावर, गोणीच्या टॅगवर आणि गाडीच्या मागं छापा. छापण्याआधी दोन वेगवेगळ्या मोबाइलवर स्कॅन करा, आणि काही दिवसांनी "मुदत संपली" दाखवणाऱ्या फुकट क्यूआर सेवा टाळा. कोडमध्ये थेट तुमचाच पत्ता असायला हवा. डोमेन आणि होस्टिंग संपण्याची तारीख गल्ल्यावरच्या कॅलेंडरवर महिनाभर आधी लिहून ठेवा. "तुमचं डोमेन आज बंद होणार, या लिंकवर पैसे भरा" असा फोन किंवा ईमेल आला तर लिंक न उघडता, ज्या कंपनीत खातं आहे तिथं स्वतः लॉगिन करून तारीख बघा.